जिवल्याचं पांढरं हेल्मेट

माकुणसार,
१२ जानेवारी २०२५

चि. मनीष बोरसे यास अनेक आशीर्वाद.

परवा मी तुला मोबाईलवर चांगला परिच्छेदभर मजकूर पाठवला. त्यावर तू अंगठा पाठवलास. नुसता अंगठा! त्याचा अर्थ 'येतो' असा घ्यायचा, 'बघू' असा घ्यायचा, की 'बाई, आता पुरे' असा? सफाळ्याच्या शाळेत आल्यापासून मी पालकांना अंगठ्यावरून सहीवर आणतेय, आणि माझाच विद्यार्थी इंजिनियर होऊन परत अंगठ्यावर गेला. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच दे, म्हणजे निदान वाक्यं लिहावी लागतील.

तर पुन्हा सांगते. शनिवारी, २५ तारखेला, बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी 'बारावीनंतर पुढे काय' असा कार्यक्रम ठेवला आहे. गेल्या वर्षी निकाल लागला आणि दुसऱ्याच सकाळी अर्धा वर्ग ठेकेदाराच्या बसमध्ये बसून बोईसरला पॅकिंगला गेला. मी स्टँडवर उभी होते. मुलं खिडकीतून हात हलवत होती, जशी काही सहलीला निघाली होती. त्यांना बोल लावत नाही. घरात महिन्याला हातात पैसे येतात ते दिसतात, तीन वर्षांनी येणारे दिसत नाहीत. ते दिसतील असं कुणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं तर 'बाईंना सरकारी पगार आहे, त्यांना काय जातंय' असं म्हणतात. तू बारावीनंतर एक वर्ष हेल्पर होतास, मग डिप्लोमा केलास, मग डिग्री. तुझं ऐकतील.

खरं कारणही सांगून टाकते. बारावी सायन्सला प्रियंका नावाची मुलगी आहे, डोंगराच्या अंगाला पाडा आहे तिथली. शाळेच्या टाकीतलं पाणी दुपारीच का संपतं, ते तिने पाईपलाईनचं चित्र काढून मुख्याध्यापकांना समजावलं होतं. बाप जिवल्या, आई ठमी. मुलीची बारावी म्हणून यंदा ते वीटभट्टीवरही गेले नाहीत, इतकी माया. पण परीक्षा झाली की तिने पॅकिंगला जायचं हे जिवल्याने ठरवून टाकलंय. ती माझ्याशी बोलताना 'कॉलेज' हा शब्द फार हळू उच्चारते. तिच्यासाठी ये.

तुझी,
अर्चना सावे


बोईसर,
१६ जानेवारी

आदरणीय बाईंना सादर नमस्कार.

अंगठ्याबद्दल क्षमा. आमच्या प्लँटमध्ये साहेबांनाही अंगठाच जातो, त्यामुळे हाताला सवय लागली.

मी नक्की येतो. शनिवारी सुट्टी टाकली आहे. नुसतं भाषण देऊन मुलं झोपतील म्हणून एक युक्ती काढली आहे. येताना दोन हेल्मेटं आणीन. आमच्याकडे एमआयडीसीत माणूस कोण आहे ते त्याच्या तोंडावरून नाही, डोक्यावरून कळतं. पिवळं हेल्मेट कामगाराचं आणि हेल्परचं, पांढरं इंजिनियरचं आणि साहेबाचं. मी हेल्पर असताना गेटवरचा वॉचमन रोज माझा डबा उघडून बघायचा, अगदी भाजी चमच्याने हलवून. डिप्लोमा करून त्याच गेटवर पांढरं हेल्मेट घालून गेलो तर त्याच वॉचमनने सलाम ठोकला. हा किस्सा सांगतो. मुलांना पटकन कळेल.

प्रियंकाच्या वडिलांना पुढच्या रांगेत बसवा. बाकी माझ्यावर सोडा.

आपला विद्यार्थी,
मनीष


बोईसर,
२६ जानेवारी

आदरणीय बाई,

कालचा कार्यक्रम म्हणजे कमालच झाली! मला वाटलं नव्हतं मी असा बोलू शकेन. मुलं किती हसली! हेल्परच्या दिवसांतले किस्से सांगायला लागलो तेव्हा मागची पोरं बाकावर उभी राहिली. सेकंड शिफ्ट सुटल्यावर आम्ही सगळे मिळून बिर्याणी करायचो ते सांगितलं, सुपरवायझरच्या मागे बोकड लागला होता ते सांगितलं, आणि टाळ्या तर तुम्ही ऐकल्यातच. तुम्ही मध्येच डोळे मिटून घेतलेत तेव्हा तुम्हाला माझे शाळेचे दिवस आठवले असावेत.

मुख्य म्हणजे जिवल्याभाऊ. बाई, तो माणूस मी जिंकला! कार्यक्रम संपल्यावर सगळे चहाकडे गेले, पण ते माझ्याजवळ थांबले. पांढरं हेल्मेट हातात घेतलं, आतून बघितलं, बाहेरून बघितलं, डोक्यावर घालून बघितलं. म्हणाले, "वॉचमन खरंच सलाम करतो?" मी म्हटलं, खरंच करतो. मग त्यांनी विचारलं, "हे भेटतं कुठं?" मुलीच्या भविष्याची इतकी काळजी असलेला बाप मी पाहिला नाही. मी त्यांना बोईसर स्टेशनच्या बाहेरचं दुकान नीट समजावून सांगितलं.

प्रियंका आता कॉलेजला गेलीच म्हणून समजा.

आपला,
मनीष


माकुणसार,
१ फेब्रुवारी

चि. मनीष,

डोळे मी आठवणींनी मिटले नव्हते.

तुझ्या भाषणाचा परिणाम कळवते. सोमवारी सात मुलं स्टाफरूमच्या दारात आली. मला वाटलं, कॉलेजची माहिती विचारायला आली. त्यांनी मला ठेकेदाराचा नंबर विचारला. भाग्येश तर म्हणाला, "बाई, बिर्याणी कंपनी देते की वर्गणी काढावी लागते?" जी दोन मुलं कॉलेजला जायच्या विचारात होती, त्यांतलं एक आता बोकड बघायला बोईसरला जाणार आहे. मी तुला हेल्परचे हाल सांगायला बोलावलं होतं, त्याची जाहिरात करायला नाही. तू चांगला बोलतोस, हेच वाईट झालं.

आता तुझ्या जिंकलेल्या माणसाबद्दल. जिवल्याने गुरुवारी बोईसर गाठलं आणि तू नीट समजावून सांगितलेल्या दुकानातून पांढरं हेल्मेट विकत आणलं. शुक्रवारी ते डोक्यावर घालून शाळेत आला. मला म्हणाला, "बाई, सराचं बोलनं मला पटलं. पिवळी टोपी घातली की डबा तपासतात, पांढरी घातली की सलाम करतात. मंग पोरीला पयल्या दिवसापासून पांढरीच घालून धाडतो. तीन वर्स कालेजात कशाला घालवायची?"

मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला सांगितलं की हेल्मेट शिक्षणामुळे मिळतं. तो म्हणाला, "नाय बाई, दुकानात भेटतं. मी आनलं ना."

यावर काय उत्तर द्यायचं ते तू मला कळव. प्रियंका मागे उभी होती, तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. मुलगी अशी दोन्हीकडून अडकलेली बघवत नाही रे.

परीक्षा संपेपर्यंत पाड्याकडे फिरकू नकोस. त्यानंतर स्वतः जा, बापाशी बस आणि जे बिघडवलंस ते नीट करून ये. किस्से सांगायचे नाहीत.

अर्चना सावे


बोईसर,
२४ मार्च

आदरणीय बाई,

काल रविवारी पाड्यावर जाऊन आलो. कसं सांगू तेच कळत नाही, पण पत्र लिहायची सक्ती तुम्हीच केली आहे.

सकाळी पोचलो. ठमीवहिनींनी बसायला खाट टाकली, पाणी दिलं. जिवल्याभाऊंनी शेजाऱ्यांना हाक मारून माझी ओळख करून दिली, "हे सर. बोईसरच्या कंपनीत मेंटेनन्सला हाईत." एकाने विचारलं, "मेंटेनन्स म्हंजे काय?" मी उत्साहाच्या भरात सांगितलं की जे जे बिघडतं ते आम्ही दुरुस्त करतो.

बाई, माणसाने दोन वाक्यं बोलायच्या आधी एकदा विचार करावा. पाड्यातली माणसं उठून घरोघर गेली आणि येताना एकेक वस्तू घेऊन आली. मिक्सर, इस्त्री, दोन टेबलफॅन, एक शेगडी, बॅटऱ्या, न लागणारा टीव्ही, आणि एका आजींचा चष्मा. सगळं माझ्यापुढे मांडून लोक गोल करून बसले. मी रिॲक्टरचे पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळतो. घरचा मिक्सर मी आयुष्यात उघडलेला नाही. पण मागे कसा सरणार? स्क्रू काढले. आत काय काय असतं ते काल मला पहिल्यांदा कळलं. परत बसवताना दोन स्क्रू उरले. मिक्सर सुरू केला तर भांडं स्थिर राहिलं आणि मिक्सर फिरायला लागला.

दुपारपर्यंत मी आजींचा चष्मा तेवढा दुरुस्त केला. जेवण फार उत्तम होतं, तांदळाची भाकर आणि नदीतल्या खेकड्यांचं कालवण. जेवताना कॉलेजचा विषय काढणार, तेवढ्यात जिवल्याभाऊ अगदी प्रेमाने म्हणाले, "सर, मन लावून घेऊ नका. पर एवढी वर्स शिकून तुमाला मिक्सर नाय जमला. मंग आमची प्रियंका तीन वर्स शिकून काय करंल?"

सगळा पाडा माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी खेकड्याची नांगी फोडत बसलो.

पांढरं हेल्मेट त्यांच्या घरात देवाच्या फोटोशेजारी खुंटीला टांगलेलं आहे. निघताना प्रियंका बांधापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "सर, बाबांचं चुकत नाय. त्यांना वाटतं मी उन्हातान्हात भट्टीवर जाऊ नये. पॅकिंगला पंखा असतो, एवढंच त्यांनी पाहिलंय." मग म्हणाली, "मला डिप्लोमाला सिव्हिल घ्यायचंय. बारावी सायन्सवाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, मी चौकशी केलीय." ती चौकशी तिने एकटीने केली होती, पालघरला जाऊन, घरी प्रॅक्टिकलचं कारण सांगून.

माझ्याकडून काही झालं नाही, बाई. मला लाज वाटते.

मनीष


माकुणसार,
८ मे

चि. मनीष,

लाज वगैरे राहू दे. चष्मा नीट झाला त्या राहीबाई आता बसच्या पाट्या स्वतः वाचतात आणि तुला दुवा देतात. एक गिऱ्हाईक तरी खूश आहे.

निकाल लागला. प्रियंकाला ऐंशी टक्के पडले. शाळेत पहिली आली. मी पेढे घेऊन पाड्यावर गेले. जिवल्याने पेढा खाल्ला, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "बघा बाई, पांढऱ्या टोपीचीच पोर हाय." आणि मग सांगितलं, ठेकेदाराशी बोलणं झालंय, जूनच्या पंधरा तारखेपासून बस पाड्याच्या फाट्यावर थांबेल. तिकडे डिप्लोमाचे अर्ज जूनअखेर बंद होतात. दाखल्यांसाठी बापाला पालघरला यावं लागेल आणि बाप हलायला तयार नाही.

मी त्याला कितीतरी समजावलं. मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, तिथे राहण्याजेवणाची सोय होते, शिष्यवृत्ती मिळते. तो सगळं ऐकून घेतो, मान हलवतो आणि शेवटी खुंटीवरच्या हेल्मेटकडे बोट दाखवतो. माझे अगदी नाकीनऊ आले. रागही धरता येत नाही, कारण माणूस हट्टी नाही, प्रेमळ आहे. हट्टी माणसाशी भांडता तरी येतं.

तुझ्या वेळची सुलू आठवते का? तुमच्या वर्गातली, गोष्टी छान सांगायची. ती अजून पॅकिंगलाच आहे म्हणतात. तुला गेटवर भेटली तर तिला जिवल्याशी बोलायला सांग. त्याने तुझं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, कदाचित तिचं ऐकेल.

अर्चना सावे


बोईसर,
१४ मे

आदरणीय बाई,

सुलू भेटली. शिफ्ट सुटताना गेटवर गाठली. तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, आणि माझ्या डोक्यावर पांढरं. आम्ही एका बाकावर बसायचो. मी हेल्मेट काढून हातात धरलं, का कुणास ठाऊक.

तिने सगळं हसत हसत सांगितलं, अजून तशीच बोलते. "अरे, मी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नवीन हाय. सात-आठ महिने झाले का ब्रेक देतात. मंग थोडे दिवस घरी बसायचं, मंग नवीन कार्ड, नवीन भरती. पगार बी नवीन मानसाचाच. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी मला विचारतात, ताई तू कधी लागलीस? मी बोलते, परवा!" आणि स्वतःच इतकी हसली की वॉचमन बघायला लागला.

मी विचारलं, जिवल्याभाऊंशी बोलशील का? ती म्हणाली, "बोलीन. पर मानूस माझ्याकडं बघून बोलंल, पोरगी पंख्याखाली हाय, मजेत हाय. आनि मी मजेतच दिसते रे, त्याला काय करू?"

रविवारी ती पाड्यावर जाऊन आली. तिने सांगितलं तसंच झालं. जिवल्याभाऊंनी तिला विचारलं, "तू पांढरी टोपी का नाय घालत?" ती म्हणाली, "कोणी देत नाय." त्यावर ते म्हणाले, "बोईसरला भेटते. मी दुकान सांगतो."

बाई, आता माझी अक्कल संपली.

मनीष


पाडा, ६ जून

सावे बाईंना आणि मनीष सरांना जिवल्याचा रामराम.

हे पत्र प्रियंका लिहिते. मी सांगतो तसंच लिही बोललो हाय. (मी तसंच लिहिते आहे. मध्ये मध्ये माझं कंसात. – प्रियंका)

मला तुमाला एक गोष्ट सांगायची हाय. तोंडानं सांगायला लाज वाटते म्हनून पत्र.

आमच्या पाड्याच्या खाली नवीन रस्त्याचं काम चालू हाय, तुमी बघितलं असंल. मी ठरवलं, पोरीला कंपनीत धाडायच्या आधी टोपी चालते का नाय ते आपन करून बघू. म्हंजे उगाच तिची फजिती नको. परवा सकाळी मी चांगला शर्ट घातला, टोपी घातली, आनि साईटवर गेलो. (शर्ट लग्नातला होता. – प्रियंका)

बाई, सर खोटं नाय बोलले. वॉचमनने सलाम केला! "आइए सर" बोलला. गेट उघडला. याच गेटवर मी आनि ठमी दोन महिने आधी रोजावर काम मागाया गेलेलो तवा त्यानं आमाला हाकललं होतं. त्यानं मला वळखलं बी नाय. मी आत गेलो तर एकानं खुर्ची आनली. एकानं चहा आनला, बिस्कीट बी. जिंदगीत पयल्यांदा मी खुर्चीवर बसून दुसऱ्याचं काम बघितलं. लय बरं वाटलं. मी मनात बोललो, प्रियंकाचं काम झालं.

मंग मुकादम आला. त्याच्या हातात मोठा कागद होता. बोलला, "सर, पाईप किधर से डालना है? बारिश आने से पहले खतम करना है. ड्रॉइंग देखके बोलो." आनि कागद माझ्या हातात दिला.

बाई, कागदावर निसत्या रेघा. रेघांवर रेघा. कुठं आकडा, कुठं बाण. मी लय येळ बघितलं. मला घाम आला. शेतात कदी आला नाय तेवढा आला. मी बोललो, "कल." तो बोलला, "कल नहीं सर, जेसीबी भाडे का है." आजूबाजूला दहाबारा मानसं उभी, सगळी माझ्या तोंडाकडं बघतात. त्यांना वाटलं साहेब विचार करतो. साहेबाची पाचावर धारण बसलेली.

तेवढ्यात माझ्या तोंडावर माशी आली. ती मी हातानं हाकलली. मुकादम बोलला, "समझ गया सर! उधर!" आनि जेसीबी निघाला.

(बाबा इथे थांबले होते. आई म्हणाली, पुढचं पण सांग. – प्रियंका)

माशी जिकडं हाकलली तिकडं माझं शेत हाय. जेसीबीनं माझ्याच शेताचा बांध फोडला. माझ्या डोळ्यासमोर. मी वरडलो, पर जेसीबीच्या आवाजात कोन ऐकतो? आनि साहेब वरडला म्हनून ड्रायव्हरनं आनखी जोरात खनलं. ठमी घरातून धावत आली, तिनं मला टोपीवरून वळखलं, आनि ती मला जे बोलली ते पोरीला लिहाया सांगत नाय. (आईने सांगितलं तरी मी लिहिणार नाही. – प्रियंका)

मंग खरे साहेब आले. गाडीतून उतरले, जेसीबी थांबवला. मला विचारलं, "तुम्ही कोणत्या कंपनीचे?" मी बोललो, "पाड्याचा." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आनि फिरवला. फक्त फिरवला, बाई. मी कागद उलटा धरलेला. मंग त्यांनी बोट ठेवलं आनि एका दमात सांगितलं, पाईप हितून, एवढा खोल, आनि आदी तो बांध परत घाला. मला वाटलं मारतील. त्यांनी मारलं नाय. हसले बी नाय. बोलले, "काका, टोपी छान आहे, कुठून घेतलीत?" मी दुकान सांगितलं. ते बोलले, "माझीपण तिथलीच."

मी बघितलं. खरंच, सारखीच टोपी. तोच शिक्का, तोच पट्टा. एकाच दुकानातली. माझ्या डोक्यावर तीच, त्यांच्या डोक्यावर तीच. मी घरी येऊन रातभर विचार केला. टोपीनं गेट उघडतो, बाई. पर आत गेल्यावर कागद देतात. ते सरांनी नाय सांगितलं. सर, तुमी बोकडाचं सांगितलं, कागदाचं सांगाया पायजे होतं.

मी ठेकेदाराला 'नाय' म्हनून सांगितलं. पोरीला बस नको. ती तीन वर्स लावू दे, चार लावू दे. पंख्याखाली बसवायची होती, पर कागद उलटा धरून बसवायची नाय.

बाई, पालघरला कवा यायचं ते सांगा. मी येतो.

आनि सरांना सांगा, मिक्सर तसाच फिरतो.

तुमचा,
जिवल्या

(बाई, आज मी 'कॉलेज' मोठ्याने म्हणाले. घरात कुणी दचकलं नाही. – प्रियंका)


माकुणसार,
२७ जून

चि. मनीष,

काल प्रियंकाचा अर्ज भरला. सिव्हिल डिप्लोमा, थेट दुसरं वर्ष. वसतिगृहाचंही झालं. हे वाचून तू नाचणार, ते आधी नाचून घे आणि मग पुढचं वाच.

जिवल्या पालघरला येताना पांढरं हेल्मेट घालूनच आला. मी म्हटलं, आता हे कशाला? तो म्हणाला, "बाई, गेटपुरतं कामाला येतं." आणि खरोखर आलं! कचेरीत एवढी मोठी रांग होती, पण शिपाई त्याला बघून उठला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इकडून या." मी आयुष्यभर मुलांना रांगेत उभं राहायला शिकवलं. काल मी हेल्मेटवाल्या साहेबांच्या मागून मुकाट्याने आत गेले. टेबलापाशी कारकुनाने त्याच्यापुढे कागद सरकवला. जिवल्याने तो उचलला, आधी प्रियंकाला दाखवला, "सरळ हाय ना?" असं विचारलं, आणि मग सही केली. अंगठा नाही, सही. अक्षरं थोडी चढावर गेलीत, पण एकही सुटलेलं नाही. तीन आठवडे पोरीकडून गिरवून घेत होता म्हणे.

मी बाहेर येऊन रडले. कुणाला सांगू नकोस.

पुढच्या जानेवारीत पुन्हा कार्यक्रम आहे. भाषण तूच करायचंस. बोकड चालेल, पण त्याच्या मागोमाग कागद आला पाहिजे. सुलूलाही घेऊन ये. तिने तिचं ते 'परवा लागले' मुलांना सांगावं. आधी मुलं हसतील, मग गप्प होतील. आणि तिला विचार, तिला स्वतःला काही शिकायचं आहे का. रात्रीच्या शिफ्टनंतर जमेल असं काहीतरी मी शोधते.

मिक्सरचं जिवल्या विसरलेला नाही. तू एक नवा घेऊन जा आणि म्हण, दुरुस्त केला.

तुझी,
अर्चना सावे


वसतिगृह, पालघर,
१२ ऑक्टोबर

आदरणीय सावे बाईंना नमस्कार.

पत्राला उशीर झाला, सबमिशन चालू होतं. मी बरी आहे. जेवण ठीक आहे. माझ्या खोलीतल्या स्वराला घोरण्याची सवय आहे, पण गणितात ती मला मदत करते, त्यामुळे मी काही बोलत नाही. गणित जड जातं. पहिल्या चाचणीत कमी पडले होते तेव्हा वाटलं, बस बरी होती. मग मनीष सर रविवारी येऊन शिकवून गेले. त्यांनी एकही किस्सा सांगितला नाही. मीच शेवटी बोकडाचा विचारला.

तुम्हाला एक सांगायचं आहे. मागच्या आठवड्यात आमची पहिली साईट व्हिजिट होती. सगळ्यांना हेल्मेट आणायला सांगितलं होतं. मी घरी निरोप दिला, तर कळलं की हेल्मेट रिकामं नाही. पालघरहून आल्यापासून ते ओट्यावर उलटं पडलं होतं, त्यात सप्टेंबरात आईची कोंबडी येऊन बसली आणि अंड्यांवरून उठेना. बाबा म्हणाले, नवीन नाय घ्यायचं, हेच तुझं हाय, कोंबडीला जरा येळ दे. आई म्हणाली, पोरीचं कालेज मोठं का कोंबडी मोठी? बाबा म्हणाले, दोघींचं होऊ दे. शेवटी व्हिजिटच्या आदल्या दिवशी पिल्लं निघाली. बाबांनी हेल्मेट धुतलं, उन्हात वाळवलं आणि सकाळच्या पहिल्या गाडीने इथे गेटवर आणून दिलं. वॉचमनने त्यांना सलाम केला नाही, कारण हेल्मेट त्यांच्या हातात होतं. बाबांनीच वॉचमनला सलाम केला आणि म्हणाले, "माझी पोर हाय आत."

पुलाच्या कामावर गेलो होतो. सगळ्यांची हेल्मेटं कोरी होती. माझ्या हेल्मेटच्या आतल्या पट्टीत एक छोटं पीस अडकलेलं सापडलं. ते मी काढलं नाही.

तिथल्या सरांनी ड्रॉइंग उघडलं आणि विचारलं, हे कोण वाचून दाखवेल? कुणी पुढे येईना. मग त्यांनी माझ्याच हातात दिलं.  बाई, दिवाळीला घरी गेले की बाबांना सगळ्यांत आधी हेच सांगणार आहे, मी तो कागद सरळ धरला.

तुमची,
प्रियंका